खर्जाची जागा

चष्म्याच्या दुकानात, नाकावर ती जड गोल चौकट चढवून समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचता वाचता खर्ज्या मध्येच गप्प झाला. दुकानदार एकेक भिंग सरकवत "हे बरं की हे?" असं विचारत होता आणि खर्ज्या शहाण्या मुलासारखा उत्तरं देत होता. सत्तेचाळिसावं चालू होतं. लांबचं सगळं स्वच्छ दिसायचं, पण वहीतलं लिहिलेलं हात लांब धरल्याशिवाय वाचता येईना, आणि हात कितीही लांबवला तरी तो शेवटी खांद्यालाच जोडलेला, म्हणून आज आला होता. मागच्या फळीवर रेडिओ चालू होता. जाहिरात संपली आणि गाणं लागलं. आधी नुसता ड्रम, मग त्याच्या पोटात शिरावा तसा बेस गिटारचा खालचा, जाड आवाज.

"धूसर दिसतंय का?" दुकानदाराने विचारलं.

"नाही. हे कोण वाजवतंय?"

"रेडिओ आहे हो," दुकानदार म्हणाला. "त्रास होत असेल तर बंद करतो."

"नको. राहू द्या."

गाणं त्याच्याच बँडचं होतं, तिसऱ्या आणि शेवटच्या रेकॉर्डवरचं पहिलं. बेस गिटार वाजवणारा तो स्वतः. रेकॉर्डच्या पाकिटावर तसं छापलेलं होतं, मासिकांत तसं लिहून आलं होतं, आणि अजूनही एखादा पिकत चाललेला माणूस रस्त्यात थांबवून त्याला म्हणायचा, "त्या गाण्याची सुरुवात तुमची ना? काय वाजवलंय हो." अशा वेळी खर्ज्या मान खाली घालून हसायचा. मात्र गेल्या अकरा वर्षांत त्याने ते गाणं रेकॉर्डवरचं असं ऐकलं नव्हतं. व्यसन सोडवायच्या केंद्रात पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की जुनी गाणी काही दिवस लांब ठेवा, त्यांना जुना वास असतो. ते काही दिवस अकरा वर्षं लांबले. गाणं कानावर आलं की तो दुकानातून, हॉटेलातून, एकदा तर केस अर्धे कापलेले असताना खुर्चीतून उठून बाहेर गेला होता. त्याआधी ऐकलं असेल ते गोळ्यांच्या आणि दारूच्या धुक्यातून. आज नाकावर दुकानदाराची चौकट होती, ती घेऊन रस्त्यावर जाता येत नव्हतं, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा, शुद्धीत, त्याने ते शेवटपर्यंत ऐकलं. आणि त्याला कळलं की हा हात आपला नाही.

कसं कळलं, असं कुणी विचारलं असतं तर सांगणं कठीण होतं. आपल्या अंगाचा वास आपल्याला येत नाही, पण दुसऱ्याचा सदरा चुकून घातला तर लगेच कळतं, तसं. खर्ज्याला घाई होती. पहिल्या दिवसापासून होती. ठोक्यावर बोट पडायचं ते केसभर आधी, कुणीतरी मागे लागल्यासारखं, आणि गायकाला ती घाई आवडायची, गाणं त्यामुळे पुढे रेटलं जायचं. रेडिओवरचा हा माणूस थांबत होता. दर तिसऱ्या मात्रेवर तो श्वासाइतका थबकत होता, आणि तिथेच ड्रमरचा पायही थबकत होता, आणि मग दोघं मिळून असे खाली येत होते की त्यात फट सापडेना. 'दोघांचा एक जीव' असं त्या मासिकवाल्याने लिहिलं होतं. खर्ज्या चौकटीच्या दोन वेगळ्या भिंगांतून दोन वेगळ्या आकाराची अक्षरं बघत बसला आणि त्याच्या मनात आलं, दोघं कुठले, हा एकच माणूस आहे. पायही त्याचा, हातही त्याचाच. हा ठोक्या आहे.

ठोक्या म्हणजे त्यांचा ड्रमर. ही दोन्ही नावं एकाच दुपारी पडली होती, विशीत, एका बंद पडलेल्या गोदामात. दोन गिटारवाले आधीच होते, तिसरा नको होता, तेव्हा उरलेली चार जाड तारांची गिटार याच्या गळ्यात आली. "हा आपला खर्ज," ठोक्या म्हणाला होता, "खाली बसून राहील, कुणाच्या लक्षात येणार नाही, आणि उठून गेला तर सगळे पडतील." त्याचा खर्ज्या झाला. मग बदला म्हणून याने त्याला ठोक्या केलं. पुढची चौदा वर्षं दोघं एकाच व्हॅनच्या मागच्या सीटवर, एकाच ब्लँकेटखाली, एकाच डब्यातून खात फिरले. लोक गायकाकडे बघायचे. हे दोघं मागे अंधारात एकमेकांच्या हनुवटीकडे बघायचे, कारण पुढचा ठोका हनुवटीवर आधी दिसतो. त्यातल्या पाचव्या वर्षी खर्ज्याचं मनगट सुजलं. डॉक्टरने दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या, आणि ते दहा दिवस नऊ वर्षं चालले. गोळी कमी पडायला लागली तेव्हा वर दारू आली. शेवटी शेवटी हनुवट्या दोन दिसायच्या.

"झालं," दुकानदार म्हणाला आणि चौकट काढून घेतली. "परवा या. सुरुवातीला जिना उतरताना जरा जपून."

खर्ज्या बाहेर आला आणि फूटपाथवर उभा राहिला. ऊन स्वच्छ होतं, दुकानं उघडत होती, एक बाई शटरला काठीने ढकलत होती. आणि त्याच्या जिभेच्या मुळाशी ती जुनी कडवट चव आली, पाच-सहा वर्षांत आली नव्हती इतकी नेमकी. गोळी चावून खाल्ल्याची चव. समोर औषधांचं दुकान होतं. असं काही होईल असं त्याला वाटलं नव्हतं. मोठी संकटं त्याने कोरडी काढली होती: आईचं जाणं, बायकोचं निघून जाणं, मनगटाचं ऑपरेशनसुद्धा, ज्यात त्याने डॉक्टरला आधीच सांगून ठेवलं होतं की दुखलं तरी चालेल, ती गोळी देऊ नका. आणि आज एका रेडिओमुळे तो त्या दुकानाकडे बघत उभा होता. त्याने फोन काढला आणि क्रेनकाकांना लावला. काका बंदरावर तीस वर्षं क्रेन चालवून निवृत्त झाले होते. दर गुरुवारी ज्या खोलीत व्यसनातून सुटू पाहणारे लोक गोल करून बसत, तिथे ते सगळ्यांत जुने, आणि खर्ज्याचा फोन त्यांनी घ्यायचा असं पहिल्या वर्षीच ठरलेलं होतं.

"काका, मोकळे आहात का?"

"मी रिटायर माणूस, मला काय धाड भरलीये. कुठे आहेस?"

"चष्म्याच्या दुकानाबाहेर."

"समोर काय आहे?"

"औषधांचं दुकान."

"मग तिकडे पाठ कर. केलीस? हं, आता बोल."

खर्ज्या बोलला. बोलताना आपण किती वेड्यासारखं बोलतोय हे त्याला ऐकू येत होतं: तिसरी मात्रा, केसभर थांबणं, हात, पाय. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "राग आलाय की लाज वाटतेय?"

"दोन्ही. आळीपाळीने."

"जेवलास?"

"काका, साडेअकरा वाजलेत."

"मग काहीतरी खा. आणि त्या माणसाकडे जा. उपाशी जाऊ नकोस, भांडशील." आणि जरा थांबून, "मी वर केबिनमध्ये असायचो. खाली साखळी कोण अडकवतो ते मला दिसायचंच नाही. तीस वर्षं मला वाटायचं, वजन मी उचलतोय."

खर्ज्याला आज क्रेन नको होती. तो "बरं" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. पण कोपऱ्यावर उभं राहून त्याने दोन पाव आणि उकडलेलं अंडं खाल्लं, कारण काकांचं ऐकायचं ही त्याला लागलेली एकमेव चांगली सवय होती. मग तो बसमध्ये बसला. ठोक्याची रोपवाटिका गावाच्या टोकाला होती, बायकोच्या माहेरची. बँड मोडल्यावर तो तिकडे गेला आणि मातीत रमला. चार-पाच वर्षांत भेट नव्हती. भांडण असं काही नव्हतं. खर्ज्या भेटायला बिचकायचा, एवढंच.

बसच्या खिडकीला डोकं टेकून तो हिशेब लावायला लागला. क्लासमधली मुलं. दुपारी तो एका संगीताच्या क्लासमध्ये बेस शिकवायचा, आणि दर वर्षी एखादा मुलगा, एखादी मुलगी ते गाणं रेकॉर्डवरून ऐकून बसवून यायची आणि त्याच्यापुढे छाती फुगवून वाजवायची. आणि खर्ज्या म्हणायचा, "मागे पडतोयस. तिसऱ्या मात्रेला रेंगाळू नकोस." तीन वर्षं त्याने बरोबर वाजवणाऱ्या पोरांना चुकीचं वाजवायला शिकवलं होतं. एका मुलीने भीत भीत म्हटलंही होतं, "सर, पण रेकॉर्डवर तुम्ही थांबता," आणि त्याने तिला सांगितलं होतं, "मी वाजवलंय ते मला माहीत." आठवून त्याचे कान तापले. खिडकीची काच थंड होती, ते बरं वाटलं.

पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, आणि तिच्यापाशी जाणं तो टाळत होता. केंद्रातले पहिले तीन आठवडे. घाम, उलट्या, हाडांमध्ये मुंग्या, आणि दुपारी दोनला संपूर्ण इमारत शांत व्हायची तेव्हा मनात येणारा एकच विचार, की आपण कुणाचंही काहीही भलं केलेलं नाही. ज्या खांबाला तो तेव्हा धरून होता तो हाच होता: ते गाणं. इतकी वाट लागली होती, आणि तरी आपण ते वाजवलं. म्हणजे आत कुठेतरी एक माणूस जागा आहे. त्या माणसासाठी त्याने गादीची कड धरून रात्री काढल्या. आणि आज कळत होतं की तो जागा माणूस दुसराच होता. मग आपण कशावर उभे राहिलो? पायाखालची फरशी कुणी घातली होती?

इथे त्याला उशी आठवली. व्यसनाच्या शेवटच्या वर्षात तो ताईकडे, मोठ्या बहिणीकडे राहायचा, आणि सकाळी जागा व्हायचा तेव्हा नेहमी कुशीवर असायचा, पाठीला घट्ट रेटून ठेवलेली उशी, डोक्याखाली टॉवेल. त्याला वाटायचं, आपण असेच झोपतो. केंद्रात एका नर्सने समजावून सांगितलं होतं, दारू प्यायलेला माणूस उताणा झोपला आणि उलटी झाली तर गुदमरून जातो. तो ऐकत होता आणि अचानक त्याला ती उशी पाठीला जाणवली. आठ महिने. कुणीतरी रोज खोलीत येऊन त्याला कुशीवर वळवत होतं, आणि सकाळी त्याने विचारू नये म्हणून काही बोलत नव्हतं. तो ताईला म्हणाला होता, "तू उशी लावायचीस?" आणि ताई म्हणाली होती, "तू जड होतास रे, माझी कंबर गेली." एवढंच. तेव्हा तो खूप रडला होता. आता बसमध्ये रडू आलं नाही. नुसतं वाटलं की आपलं आयुष्य आपण झोपलेले असताना लोकांनी चालू ठेवलं होतं, दुकान चालू ठेवावं तसं, पाटीवर नाव आपलंच ठेवून.

ठोक्या एका स्टुलावर बसून काळ्या पिशव्यांत माती भरत होता. जाडला होता. डाव्या कानात ऐकायचं यंत्र होतं. त्याने वर पाहिलं आणि हातातली पिशवी पूर्ण भरून, थोपटून, रांगेत ठेवूनच तो बोलला.

"तू? कुंडी हवी की झाड?"

"तिसऱ्या रेकॉर्डवर बेस तू वाजवलायस."

"काय?"

खर्ज्याला तेच वाक्य ओरडून म्हणावं लागलं. पलीकडे रोपं निवडत असलेल्या दोन बायका वळून बघायला लागल्या. ठोक्याने हात झटकले.

"कळलं का शेवटी," तो म्हणाला. "किती वर्षं झाली?"

"अकरा."

"मला वाटलं होतं, दोन लागतील. मग म्हटलं, याला कळतच नाहीये. जरा अपमानच झाला माझा." त्याने दुसरं स्टूल पायाने सरकवलं. "बस. उभ्याने भांडायचं वय नाही आता."

खर्ज्या बसला. ठोक्या पुन्हा माती भरायला लागला आणि माती भरता भरता सांगायला लागला. स्टुडिओ तीन आठवड्यांसाठी मिळाला होता. दोन आठवडे खर्ज्या आलाच नाही, आणि आला तो सोफ्यावर पडला. गायक म्हणाला, दुसरा माणूस आणू. रेकॉर्डिंगवाली बाई, जी कधी कुणाशी चार शब्द बोलायची नाही, ती म्हणाली, दुसरा आणलात की हा संपला. मग ठोक्याकडे बघून म्हणाली, तुला येतं ना थोडं, तूच वाजव.

"आणि मला थोडंच येत होतं," ठोक्या म्हणाला. "एकेका गाण्याला अख्खा दिवस. बोटं सोलून निघाली, पट्ट्या लावून बसायचो. तू पलीकडे घोरत होतास. एकदा तर तुझं घोरणं टेपवर आलं, सगळं पुन्हा घ्यावं लागलं. तेव्हा तुला उठवून बडवावंसं वाटलं होतं, खरं सांगतो."

"म्हणजे माझं त्यात काहीच नाही."

"आठातली सात गाणी माझी. आठव्याच्या शेवटी तू उठून आलास. एका पायात बूट. म्हणालास, मी वाजवतो. पाऊण मिनिट वाजवलंस. बाईने ते काढलं नाही."

"चांगलं आहे का ते?"

ठोक्याने विचार केला. "ठीक आहे," तो म्हणाला.

खर्ज्याला हसू आलं. कित्येक वर्षांत त्याला कुणी इतकं सरळ काही सांगितलं नव्हतं. हसू ओसरल्यावर त्याने ते विचारलं, ज्यासाठी तो आला होता. "मग मला सांगितलं का नाहीस?"

ठोक्याचे हात थांबले. "सांगायला आलो होतो. केंद्रात. मनात राग होता, म्हटलं एकदा तोंडावर सांगून टाकू. तुला आठवतंय मी आलेलो?"

खर्ज्याला आठवत होतं. खिडकी, लोखंडी खुर्च्या, ठोक्या अर्धा तास हवापाण्याचं बोलून गेलेला.

"तू खिडकीपाशी बसला होतास," ठोक्या म्हणाला. "हातातला चहा सगळा बशीत. आणि मला बघून पहिलंच काय म्हणालास, ते आठवतं?"

"नाही."

"म्हणालास, त्या अवस्थेतसुद्धा मी ते वाजवलं ना रे?" ठोक्याने पिशवीतल्या मातीवर अंगठा दाबला. "आता यावर मी काय बोलणार. म्हटलं, हो. वाजवलंस. झकास वाजवलंस."

ठोक्याने ती पिशवी रांगेत ठेवली. खर्ज्याला ते वाक्य आपण बोललेलं अजिबात आठवेना, आणि तरी ते आपलंच आहे, ती विनवणी आपल्याच आवाजातली आहे, हे त्याला पटलं. केवढा मोठा राग घेऊन हा माणूस दोन बसा बदलून आला असेल, आणि तसाच तो राग खिशात घालून, हवापाण्याचं बोलून परत गेला असेल. आभार मानायला म्हणून त्याने तोंड उघडलं, पण जो शब्द आला तो दुकानात सुटे पैसे परत देणाऱ्याला म्हणायचा शब्द होता. तो त्याने गिळला. डोळे मात्र भरून आले आणि पुसायला त्याच्याकडे रुमाल नव्हता.

"माती आहे हाताला, मी काही देऊ शकत नाही," ठोक्या म्हणाला. "आणि मला साधुसंत समजू नकोस. लोक तुझं कौतुक करायचे ना, ते वाचून मी घरी बसून फुगायचो. बायकोला दोन-दोनदा वाचून दाखवायचो. माझं झालं त्यात."

"क्लासमध्ये मुलं तुझ्यासारखं वाजवतात. मी त्यांच्या चुका काढतो."

"काय?"

खर्ज्याने पुन्हा मोठ्याने सांगितलं. ठोक्या इतका हसला की त्याच्या कानातलं यंत्र शिट्टी वाजवायला लागलं, आणि त्याने ते काढून खिशात टाकलं. "वरचं गेलं रे सगळं," तो म्हणाला, आता जरा जास्तच मोठ्याने. "झांजा पहिल्या गेल्या. मग पाखरं. बायकोचा आवाज अर्धा गेलाय. तिला बोलू नकोस, तिला वाटतं पूर्ण गेलाय. खालचं तेवढं येतं अजून. ट्रक आला की छान वाटतं."

परतीच्या बसमध्ये बसण्याआधी खर्ज्याने काकांना फोन करून सांगितलं की भांडण झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी क्लासमध्ये त्याने मुलांना सांगून टाकलं: ते गाणं मी वाजवलेलं नाही, माझ्या मित्राने वाजवलंय, मी तेव्हा दारू पिऊन झोपलो होतो, तुम्ही थांबत होता ते बरोबर होतं, मी चूक होतो. मग जिला त्याने गप्प केलं होतं तीच मुलगी म्हणाली, "मग सर, तुम्हाला ते वाजवता येतं का?"

"नाही," खर्ज्या म्हणाला. "रविवारी शिकायला जाणार आहे."

बोलून गेल्यावर त्याला कळलं की आपण खरंच जाणार आहोत. रविवारी सकाळी त्याने ताईची गाडी मागितली. ताईने कशाला म्हणून विचारलं नाही, फक्त मागच्या सीटवर जुनी चादर अंथरून दिली, सीटला ओरखडे नकोत म्हणून. गिटार, आणि तो वजनदार चौकोनी स्पीकर, जो उचलताना आता कंबरेतून कळ यायची. रोपवाटिकेत त्याने स्पीकर लाकडी फळ्यांवर, रोपांच्या रांगांमध्ये ठेवला. ठोक्याची बायको लांब वायर घेऊन आली आणि म्हणाली, "वाजवा एकदाचं. निदान ते तरी यांना ऐकू येऊ दे." ठोक्याने चपला काढल्या, फळीवर अनवाणी उभा राहिला आणि एक तळवा स्पीकरवर ठेवला, दमेकऱ्याच्या पाठीवर ठेवावा तसा.

खर्ज्याने सुरुवात केली. जाड तारेचा आवाज फळ्यांतून गेला, जवळच्या रोपांची पानं थरथरली. ठोक्याचे डोळे मिटले. चार मात्रा गेल्या, आठ गेल्या, आणि त्याचा चेहरा असा काही उजळला की खर्ज्याला वाटलं, या एका गोष्टीसाठी आपण जिवंत राहिलो असू तरी पुष्कळ झालं. तेवढ्यात ठोक्याने कपाळाला आठी घातली.

"अजून घाईच करतोयस," डोळे न उघडता तो म्हणाला.

"मग सांग कुठे थांबायचं ते."

ठोक्याने उजवा पाय फळीवरून उचलला आणि अधांतरी धरला. दारात कुणीतरी गुलाबाची चौकशी करत आलं होतं, त्याची बायको त्यांना "जरा थांबा" म्हणत होती. खर्ज्याने बोट तारेवर ठेवलं, ठोक्याच्या हनुवटीकडे पाहिलं, आणि तो पाय खाली येईपर्यंत थांबून राहिला.